निराशेच्या दिवसांत आशा कशी धरावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या प्रार्थना गटात येतात, रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर येतात, आणि बऱ्याचदा रात्री अकरानंतर फोनवर येतात. रात्रीचे प्रश्न छोटे असतात, एखाद्याच ओळीचे. मी पाळक नाही. शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि आता गटाचं काम बघते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. सगळं सलग वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल.

1. ख्रिस्ती आशा म्हणजे 'सगळं चांगलंच होईल' असं मानणं का?

नाही. 'चांगलंच होईल' हा अंदाज झाला, आणि अंदाज चुकतात.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय काढा. यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडला आहे. शहर पडणार, हे यिर्मयानेच सगळ्यांना सांगितलं आहे आणि ते सांगितल्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. वेशीबाहेर शत्रू उभा असताना जमिनीला कोण विचारतो? पण यिर्मया 17 शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, मोहोर लावतो आणि ते खत मातीच्या मडक्यात ठेवायला आपल्या लेखनिकाला, बारूखला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाने त्याला सांगितलेलं असतं.

शहर पडायचं ते पडलंच. यिर्मयाची आशा 'शहर वाचेल' अशी नव्हतीच. शहर पडल्यानंतरही देवाचं काम संपत नाही, या भरवशावर त्याने गाठीचे पैसे मोजले. आणखी एक गोष्ट बघा. व्यवहार झाल्यावर तो प्रार्थनेत देवालाच विचारतो की, शहर शत्रूच्या हाती जात असताना तू मला शेत कसं घ्यायला सांगतोस? म्हणजे शेत घेतलं तेव्हाही त्याच्या मनात सगळं स्पष्ट नव्हतं.

माझी आई शेवटच्या आजारात आठ महिने अंथरुणावर होती. एके दिवशी तिने पंचवीस लिंबं आणायला लावली. पलंगावर वर्तमानपत्र पसरून, पाठीला दोन उशा लावून तिने ती चिरली आणि मीठ स्वतःच्या हाताने घातलं, कारण माझ्या मिठावर तिचा विश्वास नव्हता. मध्ये दोनदा दम लागला म्हणून थांबली. बरणीला दादरा बांधताना म्हणाली, महिनाभर हलवत राहा, मग मुरेल. तो महिना तिला मिळाला नाही, आणि मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. यिर्मयाचं शेत मला त्या बरणीमुळे समजलं.

2. मग ही आशा टेकते तरी कशावर?

येशूच्या पुनरुत्थानावर. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला स्वच्छ लिहितो (1 करिंथ 15). आपल्या चांगुलपणावर ती टेकलेली नाही, आणि प्रार्थनेत किती तास घातले यावरही नाही.

लूकच्या 24व्या अध्यायात दोन शिष्य अम्माऊसला निघाले आहेत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात की, इस्राएलाला सोडवणारा तोच आहे अशी आम्हाला आशा होती. 'होती.' मराठीच्या शिक्षिकेला तो भूतकाळ लगेच टोचतो. ज्याच्याबद्दलची आशा संपली असं ते सांगताहेत, तो त्यांच्याच बरोबरीने चालतो आहे आणि त्यांना ओळखू येत नाही. त्यांच्या आशेला भूतकाळ लागला होता, तरी तो त्यांना सोडून गेला नव्हता. कितीतरी घरांत मी हेच बघितलं आहे.

3. आपल्या संतपरंपरेत आशा सोडायला सांगतात. मग बायबल आशा धरायला का सांगतं?

शब्द एक, अर्थ दोन. संतवाङ्मयात आशा तृष्णेच्या शेजारी बसते. हे मिळावं, ते मिळावं अशी मनाला लागलेली ओढ म्हणजे ती आशा, आणि ती ओढ माणसाला नाचवते हे बायबलही नाकारत नाही. पौलाची आशा ही 'भरवसा' या शब्दाच्या जवळची आहे. तिथे एखादी वस्तू मिळणं महत्त्वाचं नसतं, ज्याने शब्द दिला तो महत्त्वाचा असतो.

मराठीत आशा नुसती 'वाटत' नाही, आपण ती 'धरतो' आणि 'सोडतो'ही, म्हणजे हाताने करायची गोष्ट. हिब्रूत आशेसाठी 'तिक्वा' हा शब्द आहे आणि दोरी हाही त्याचा एक अर्थ. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिथे हाच शब्द येतो. इब्री लोकांस पत्रात (6:19) आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. हा नांगर गलबताचा. पण आमच्याकडच्या कोरडवाहू गावात एका आजोबांनी तो शेताचाच समजून आयुष्यभर वाचला. पाऊस नसतानाही जमीन नांगरून ठेवायची, असा अर्थ त्यांनी लावला होता. मी तो कधी दुरुस्त केला नाही.

4. मला काहीच वाटत नाही. प्रार्थनाही होत नाही. सुरुवात कुठून करू?

जेवणापासून आणि झोपेपासून. हे मी मनापासून सांगते आहे.

1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो. रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, वचनही ऐकवत नाही. दूत येऊन म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो. देवाचं बोलणं होरेब डोंगरावर होतं, त्याला अजून चाळीस दिवस असतात.

तेव्हा आज वरणभात खा. आंघोळ करा. प्रार्थना होत नसेल तर दुसऱ्याला सांगा, 'माझ्यासाठी तुम्ही करा.' मार्कच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, आणि येशूने त्या लोकांचा विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल, तर प्रश्न 9 नक्की वाचा.

5. देवाकडे तक्रार केली, त्याच्यावर चिडले, तर पाप लागेल का?

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली पुष्कळ तक्रारीची आहेत. 13वं स्तोत्र 'किती काळ?' असं परत परत विचारतं. 88वं तर अंधाराशीच संपतं. शेवटी स्तुतीचा सूर येईल म्हणून वाट बघावी, तर तो येतच नाही. तरीही लोकांनी ते काढून टाकलं नाही, उपासनेत ठेवलं. वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्राची पहिलीच ओळ उच्चारली, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याकडे कुणी तक्रार करत नाही, त्याच्याशी अबोला धरतात. तुम्ही देवाशी भांडताय, म्हणजे आशेची दोरी (प्रश्न 3) अजून हातात आहे.

6. कॅलेंडरवर छापतात ते यिर्मया 29:11 माझ्यासाठी आहे का?

आहे, पण अख्खं पत्र वाचा. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे आहेत, हे देवाचं बोलणं बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात येतं. त्याच्या आदल्याच वचनात 70 वर्षं सांगितली आहेत. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परत जायला मिळणार नव्हतं. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकरच सुटाल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, असंही त्यात आहे.

मुलाचा बारावीचा निकाल लागला की हे वचन स्टेटसला ठेवतात, त्याला माझी ना नाही. पण ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही, त्यांच्यासाठी ते आधी लिहिलं गेलं होतं.

7. आम्ही उपास केले, रात्रभर प्रार्थना केली, तरी माणूस गेलं. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही.

आईच्या आजारात एक पाहुणे प्रचारक घरी येऊन म्हणाले, घरात कुणाच्या तरी मनात शंका आहे, म्हणून गुण येत नाही. त्या रात्री मी माझ्या मनाची झडती घेत बसले, जशी काही आईचा मारेकरी मीच. हे ओझं मी दोन वर्षं वागवलं. म्हणून इथे ठासून लिहिते, असं बोलणाऱ्यांनी बायबल नीट वाचलेलं नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं (2 करिंथ 12). आपल्या सोबत्याला, त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (1 तीमथ्य 5:23). कुणाच्या विश्वासाची तपासणी झाली नाही. आणि गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून खुद्द येशूने प्रार्थना केली, तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

देव बरं करतो हे मी मानते, तशी घरं मी पाहिली आहेत. एकाला मिळतं, दुसऱ्याला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि गेलेल्या माणसासाठी रडणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो (1 थेस्सल. 4:13), शोकच करू नका असं म्हणत नाही. मेलेल्या मित्राला, लाजाराला उठवायला निघालेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

8. हे संकट म्हणजे माझ्या पापाची शिक्षा आहे का?

जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही (योहान 9). शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी नव्हती, हेही त्यानेच सांगितलं (लूक 13). दारूने यकृत बिघडलं तर कारण समोर असतं, तो भाग वेगळा. पण दर दुखण्यामागे गुन्हा शोधत बसू नका.

9. डिप्रेशनच्या गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास ना?

मधुमेहाची गोळी घेताना कुणी हे विचारत नाही. मनाचा आजार हाही आजार आहे. प्रार्थना करा आणि गोळीही वेळेवर घ्या. सभेत कुणी 'आजपासून औषध बंद' असं जाहीर केलं तरी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. या गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास वाढू शकतो.

जीव नकोसा झाला असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर हे पान आत्ता बाजूला ठेवा. घरातल्या कुणालातरी उठवा, आणि 14416 हा टेली-मानसचा मोफत सरकारी क्रमांक लावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. एलीयाने मरण मागितलं ते स्पष्ट शब्दांत. तुम्हीही ते आडून न सुचवता सरळ शब्दांत सांगा.

10. नोकरी जाऊन तीन महिने झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतो. देव मार्ग दाखवेल ना?

हा प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे, म्हणून इथे घेतला. एकाने सांगितलं होतं की, तो बसस्टँडच्या मागच्या बाकावर दुपारी एक वाजता डबा उघडायचा, आणि पोळीच्या घडीत बायकोने ठेवलेला गुळाचा खडा दिसला की घास उतरायचा नाही.

दादा, आज रात्री घरी सांगा. आधी दुसरी नोकरी मिळू दे, मग सांगू, असं करू नका. लपवलेल्या दुःखाला कुणी हात देऊ शकत नाही. पौल आशिया प्रांतातल्या संकटाबद्दल लिहितो की, आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती, आणि हे तो लपवत नाही, अख्ख्या मंडळीला पत्राने कळवतो, तुम्ही प्रार्थनेने मदत करा म्हणतो (2 करिंथ 1). पैशाचं काय करायचं ते दोघं मिळून बघा. कोणता हप्ता थांबवता येईल, कुणाला फोन करता येईल, हे कागदावर लिहा.

11. दुःखात असलेल्या घरी जाऊन काय बोलावं?

शक्यतो काहीच नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. 'देवाची इच्छा', 'ती चांगल्या ठिकाणी आहे', 'दुसरं मूल होईल' ही वाक्यं दाराबाहेर ठेवून आत जा. शेजारच्या काकू आमच्याकडे आल्या त्या थेट मोरीत गेल्या, तीन दिवसांची भांडी घासली, कुकर लावला आणि फक्त 'शिट्ट्या मोज' एवढंच म्हणाल्या.

12. बायबलमधली माणसं फार जुनी वाटतात. आपल्या मातीतलं कुणी आहे का?

पंडिता रमाबाई. 1858चा जन्म. 1870च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई आणि बहीण गेली. उरलेला भाऊ 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा. वय चोवीसच्या आत. एवढं वाचून मी थांबते, कारण पुढचं माहीत असल्यामुळे आपण हा भाग फार भरभर ओलांडतो. 1882 मधल्या रमाबाईंना पुढचं काहीही माहीत नव्हतं.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पोटाने माहीत होतं. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, आजही आहे. उतारवयात त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई काम करत राहिल्या. भाषांतर पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. यिर्मयाचं मडक्यातलं खरेदीखत (प्रश्न 1) त्यांनीही मराठीत लिहून ठेवलं.

13. नवरा मारतो. 'देव त्याला बदलेल, आशा धर' असं मंडळीत सांगतात. किती दिवस धरू?

ताई, घराबाहेर पडूनही आशा धरता येते. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथून निसटला, आणखी एका भाल्याची वाट बघत थांबला नाही. दिमिष्क (दमास्कस) शहरात जिवावर बेतलं तेव्हा पौल टोपलीत बसून भिंतीवरून उतरला. दोघांचाही देवावरचा विश्वास तसाच राहिला. नवऱ्यासाठी प्रार्थना सुरक्षित जागेवरूनही करता येते. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112. तुम्हाला परत पाठवणारी मंडळी चुकते आहे, मग सांगणारा कुणीही असो.

14. आमच्या माणसाने आत्महत्या केली. त्याच्यासाठी आशा आहे का?

आहे. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. मरण किंवा जीवन, वर्तमान किंवा भविष्य, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, असं पौल रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात लिहितो. त्या यादीत मरण पहिलं आहे. कॅथलिक चर्चची अधिकृत धर्मशिकवणही (परिच्छेद 2283) सांगते की, अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या वाटेने त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. कर्जाने, आजाराने पिचलेला माणूस शेवटच्या क्षणी कोणत्या अंधारात होता, हे त्याच्याबरोबर तिथे असलेला देव जाणतो. नातेवाईक काहीबाही बोलत असतील तर त्यांना हे दाखवा. आणि तुमचं स्वतःचं मन ठीक नसेल, तर प्रश्न 9 मधला क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

15. निराशा बाहेरून नाही, चर्चमधूनच आली आहे. जमिनीचे खटले, गटबाजी, निवडणुका. काय करू?

हे दुःख खरं आहे. पौलाची करिंथची मंडळीही गटांत फुटलेली, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी होती. त्याच मंडळीला त्याने विश्वास, आशा, प्रीतीचा अध्याय लिहिला. दुसऱ्या मंडळीत जायचं तर जा, त्यात पाप नाही. फक्त सगळ्यांपासून तुटू नका. दोन-तीन माणसं धरून ठेवा, ज्यांच्यासमोर रडता येईल.

16. मी ख्रिस्ती नाही. हे माझ्यासाठी आहे का?

आहे. आमच्या गटात येऊन नुसतं बसणारे पुष्कळ आहेत, त्यांना कुणी काही विचारत नाही. स्तोत्रं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

17. आज रात्री काय वाचू?

42वं आणि 43वं स्तोत्र, एकत्र. तिथे माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की, तू का खिन्न झालास, आणि उत्तर न मिळताच पुन्हा विचारतो, तीन वेळा. अजून जागे असाल तर विलापगीताचा तिसरा अध्याय, पण पहिल्या वचनापासून. सगळे 22व्या वचनापासून सुरू करतात आणि आधीची एकवीस वचनं तशीच राहतात. मोठ्याने वाचा. आवाज फुटत नसेल तर बोटाने ओळ धरून वाचा.